आमचा तलाठी दिवसाही डोळे मिटून राहतो, काय करावं?

पऱ्हाटी | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार. चार वर्षांपासून रोमात आहे (म्हणजे नुसती वाचते), लिहायची ही पहिलीच वेळ. शीर्षक वाचून कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर आधीच माफी. तलाठी म्हणजे आमच्या घरचा सरडा.

कुंपणावर मान डोलावणारा नेहमीचा सरडा नाही. हा हिरवागार, अंगानं चपटा, शेपटीची जिलबी करून बसणारा आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. दसऱ्याच्या दोन दिवस आधी आमच्या गावच्या (तालुका घाटंजी) गिट्टीच्या सडकेवर पोट्टे त्याला गोटे मारून राहिले होते. माझा मुलगा सहावीत आहे. तो त्यांच्याशी भांडला आणि याला दप्तरात टाकून घरी घेऊन आला. मागच्या पायाला खरचटलं होतं, ते आता भरलं. दिवसा अंगणातल्या लिंबाच्या झाडावर राहतो, रात्री मांजरीच्या भीतीनं कोंबड्यांच्या डाल्याखाली, आत एक फांदी खोचून. जागचा हलत नाही, पण नजर दोन्हीकडं. एक पाऊल टाकायचं तर चारदा पुढंमागं डोलतो. म्हणून सासऱ्यांनी नाव ठेवलं तलाठी.

पहिले दहा-बारा दिवस झकास होता. दिवसाला सात-आठ नाकतोडे खायचा, जीभ बाहेर आली कधी अन् गेली कधी, समजायचं नाही. गुरुवारपासून मात्र दिवसाढवळ्या डोळे मिटून बसून आहे. हात लावला तर एक डोळा उघडतो, पाहतो, परत मिटतो. रंग पोपटी होता तो मातकट फिका झाला. शनिवारपासून खाणं बंद. आमचे हे म्हणतात थंडी लागली, सासूबाई म्हणतात नजर लागली. गुरांच्या दवाखान्यात फोन केला तर उत्तर मिळालं, "ताई, आम्ही म्हशी-बकऱ्या पाहतो." मुलगा आज शाळेत गेला नाही. कुणाला याबाबत माहिती आहे का?

निद्रानाश | सोमवार, रात्री ९:३१

दिवसा डोळे मिटलेले, हात लावला की एकच उघडतो. नाव ठेवणाऱ्या सासऱ्यांना साष्टांग नमस्कार.

कुंपण | सोमवार, रात्री ९:३५

सरड्यांची धाव आमच्यापर्यंतच असते, पण हा धावतच नाही म्हटल्यावर आमचाही उपयोग नाही. (हलके घ्या. मुलाला शाळेत पाठवा.)

सावजी_रस्सा | सोमवार, रात्री ९:५०

ताई, सोडून द्या ना बाप्पा त्याले. लय विषारी रायते ते. माया आज्यानं सांगतलं होतं, हिरवा सरडा चावला तर माणूस पाणी प्याच्या आधी मरते. अन् घरात लेकरं हायेत तुमच्या.

रानवाटा | सोमवार, रात्री १०:२४

रस्साभाऊ, आज्याचा मान ठेवून सांगतो, यात विष नावालासुद्धा नाही. फुत्कारतो, गळा फुगवतो, काळा पडतो, फारच छळलं तर चावेल, पण चिमटा बसल्यापलीकडं काही होत नाही. मी २० वर्षं जंगलं फिरतोय, मला दोनदा चावलाय आणि मी पाणी पिऊन आहे.

पऱ्हाटीताई, हा भारतीय शॅमेलिऑन. शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस. मराठी पुस्तकांत याला घोयरा म्हणतात. आपल्या विदर्भात बोरी-बाभळी, तुरीची वावरं, संत्र्याच्या बागा सगळीकडं आहे, पण दिसत नाही, कारण पानांत पान होऊन बसतो. पाय पाहिलेत का? बोटं दोन आणि तीन अशी चिकटलेली, चिमट्यासारखी. म्हणून फांदी सुटत नाही आणि सडक पटकन ओलांडता येत नाही. गोट्याखाली आणि गाडीखाली हाच जास्त सापडतो तो यामुळं.

सुस्तीबद्दल जाणकारांनी सांगावं. मला रानातले ठाऊक, घरातले नाहीत.

येमेनी_पाहुणा | सोमवार, रात्री ११:०५

नागपूरला राहतो. माझ्याकडं व्हेल्ड शॅमेलिऑन आहे, येमेन आणि सौदीकडचा, डोक्यावर टोपीसारखा तुरा असतो तो. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेला आहे, त्यामुळं पुढचे प्रश्न विचारू नयेत. पाच वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

शॅमेलिऑन रात्री गाढ झोपतो आणि झोपेत फिका पडतो, ते ठीक. पण दिवसा डोळे मिटले की ती झोप नसते. या प्राण्याचं सगळं आयुष्य डोळ्यांवर चालतं. त्यानं दिवसा डोळे मिटले म्हणजे त्याला काहीतरी झालंय आणि तेही बरंच आधी झालंय. दुखणं लपवण्यात हे पटाईत असतात. दिसेपर्यंत आठवडा गेलेला असतो.

पहिला संशय पाण्याचा. वाटीत पाणी ठेवत असाल तर ते त्याला पाणी वाटतच नाही. साचलेलं पाणी याला कळत नाही, पानावरून ओघळणारा थेंब कळतो. रानात दव आणि पाऊस चाटतो. डोळे खोल गेलेत का पाहा. विष्ठेबरोबर जो पांढरा भाग येतो तो पांढरा आहे की पिवळा-केशरी? केशरी असेल तर तहानलेला आहे.

दुसरा संशय उन्हाचा. घरात काचेआड ठेवला तर ऊब लागते पण काचेतून हवे ते अतिनील किरण येत नाहीत, मग ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडात जात नाही, हाडं मऊ पडतात. तुमचा झाडावर असतो म्हणजे हे कलम गळालं. आमच्यासारख्यांना यासाठी दरवर्षी अतिनील दिव्याची महागाची नळी बदलावी लागते आणि तुम्हाला लिंबाचं झाड फुकट. तिसरं म्हणजे थंडी.

फोटो टाकाल का? आणि एक हीट लॅम्प व फॉगर मागवून घ्या, ऑनलाइन मिळतो.

मिरची_भिवापुरी | मंगळवार, सकाळी ६:४०

फॉगर! घाटंजी तालुक्यात! भाऊ, तिथं मोटारीची लाईन रात्री बाराला येते म्हणून माणसं बॅटरी घेऊन ओलिताला जातात, आणि तुम्ही सरड्यासाठी धुकं मागवायला सांगून राहिले.

बाकी पाण्याचं पटलं. ताई, झाडावर पाणी शिंपडा. फवाऱ्याचा पंप वापरू नका, नवी बाटली घ्या.

पुणेरी_पाटी | मंगळवार, सकाळी ८:१५

कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. परवानगीशिवाय घरात ठेवणं हा गुन्हा आहे. हेतू चांगला असला तरी. धागाकर्तीनं सल्ला मागण्याऐवजी वनविभागाला कळवायला हवं होतं, तेही पंधरा दिवसांपूर्वी.

मिरची_भिवापुरी | मंगळवार, सकाळी ८:२२

आला पाटीवाला. आधी जीव वाचू द्या, मग कलमं लावा. तुमच्याकडं दुपारी एक ते चार कायदासुद्धा बंद असतो ना?

पुणेरी_पाटी | मंगळवार, सकाळी ८:३०

विनोद जुना आहे. कायदा जुना असला तरी लागू आहे.

रानवाटा | मंगळवार, सकाळी ९:०२

दोघंही थांबा. पाटीसाहेब बरोबर आहेत, फक्त टोन चुकला. ताई, घाबरू नका. १९२६ हा वनविभागाचा नंबर आहे, हॅलो फॉरेस्ट. जखमी सापडला, जपला, आता आजारी आहे, असं सरळ सांगा. लपवून ठेवण्यात धोका आहे, सांगण्यात नाही.

पऱ्हाटी | मंगळवार, दुपारी १२:४८

सगळ्यांचे आभार. कायद्याचं वाचून सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. आमच्या ह्यांनी तर डाल्यावर पोतं टाकून ठेवलं, जसं काही कुणी धाड टाकायला येणार आहे.

पाण्याचं मात्र खरं निघालं. आम्ही वाटीच ठेवत होतो. आज सकाळी लिंबाच्या झाडावर बाटलीनं पाणी सोडलं. पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मग एक थेंब त्याच्या नाकाडावर पडला, तसा डोळ्याचा तो मण्याएवढा सुळका हळूच फिरला आणि उघडला. समोरच्या पानाच्या टोकाला थेंब लोंबत होता. त्यानं तोंड उघडून पानासकट थेंब ओठात धरला. नंतर मान वर करून गिळला, परत खाली, परत वर. मुलानं मोजलं, चौतीस वेळा. पांढऱ्याच्या जागी पिवळसर होतं हेही खरं.

पण पाणी पिऊन झाल्यावर अकराच्या उन्हात परत डोळे मिटले. फोटो टाकता येत नाही, नेट इतकं चालत नाही.

तुरीचं_वरण | मंगळवार, दुपारी १:३०

मादी आहे का? पावसाळा सरताना माद्या अंडी घालायला झाडावरून उतरतात, जमीन उकरून पुरतात. सडकेवर सापडली त्याचं कारण हेच असू शकतं. भुसभुशीत ओली माती मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात, मग मादी सुस्तावते, खाणं सोडते. आमच्या वर्ध्याकडच्या शेतात एकीला खड्डा करताना पाहिलंय, अर्धा दिवस मागच्या पायांनी माती ढकलत होती, आणि अंडी घालून झाल्यावर तो खड्डा असा बुजवला की मला जागा दाखवता आली नाही.

पोटाला हात लावून पाहा, हळू. शेंगेतल्या दाण्यांसारखं लागतं.

येमेनी_पाहुणा | मंगळवार, दुपारी १:५५

वरणाला अनुमोदन. हे डोक्यातच आलं नाही, माझा नर आहे. माझ्या जातीत नराच्या मागच्या टाचेला जन्मापासून गाठ असते, त्यावरून ओळखतात.

पऱ्हाटी | मंगळवार, दुपारी ३:१०

पोट खपाटीला गेलंय. दाणेबिणे काही नाही. टाचेला बारीकसा काटा दिसतो.

तुरीचं_वरण | मंगळवार, दुपारी ३:१४

मग तलाठी पुल्लिंगीच राहू द्या.

ढगफुटी | मंगळवार, दुपारी ४:००

अवांतर: रंग फिका झाला म्हणजे तो लिंबाच्या फांदीसारखा होऊ पाहत असेल. आजूबाजूला जे असेल तसा रंग घेतात ना हे? शाळेत तर असंच शिकलो.

रानवाटा | मंगळवार, दुपारी ४:३५

शाळेत चुकीचं शिकलात, मीही तेच शिकलो. बुद्धिबळाच्या पटावर ठेवला तर चौकडी होत नाही. रंग बदलतो तो उष्णतेसाठी आणि मनःस्थितीप्रमाणे. सकाळी गारठा असला की गडद होतो, ऊन लवकर शोषायला. दुसरा नर दिसला की भडक होतो. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर काम करून दाखवलं की त्याच्या कातडीत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. निवांत असताना ते जवळजवळ असतात, चिडला की लांब लांब जातात, आणि अंतर बदललं की परत येणारा प्रकाशाचा रंग बदलतो. नुसता रंगद्रव्याचा खेळ नाही.

निद्रानाश | मंगळवार, दुपारी ४:४१

दुसरा नर दिसला की भडक होतो आणि खुर्ची उबदार असेल तिकडं सरकतो. आमच्या जिल्हा परिषद गटात असे तीन आहेत.

संत्राबर्फी | मंगळवार, सायंकाळी ५:२०

सासूबाईंच्या नजरेवर कुणी बोललं नाही. पंचांगात पाल अंगावर पडली तर आणि सरडा अंगावर चढला तर काय फळ मिळतं याचा अख्खा तक्ता असतो, डोक्यावर अमुक, खांद्यावर तमुक. माझ्या आईनं मामाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तो काढून वाचला होता. सरड्यावर माणूस चढला तर सरड्याला काय फळ, हे मात्र कुठं दिलेलं नाही.

सावजी_रस्सा | मंगळवार, सायंकाळी ५:४४

हे भारी.

थंडीचं म्हणाल तर मले पटत नाही. आता अक्टोबर हाय. रात्री अंगावर चादर घ्याची गरज पडते तेवढीच. अन् हा सरडा काही मुंबईवून आला नाही, इथलाच हाय ना. डिसेंबरात आठ-दहा डिग्री होते तवाही हे बाभळीवरच रायतात. दसऱ्याच्या थंडीनं कसा झोपन?

येमेनी_पाहुणा | मंगळवार, सायंकाळी ६:१०

रस्साभाऊ, काल विष म्हणालात आणि आज सगळ्यांत मुद्द्याचं बोललात. खरंय. थंडी बाद.

कोकणकडा | मंगळवार, रात्री ८:००

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

गोठा | मंगळवार, रात्री ९:३०

उशिरा आलो, दिवसभर लसीकरण होतं. मी पशुवैद्यक आहे, तोही म्हशी-बकऱ्यांचाच. सरपटणारे प्राणी हा माझा विषय नाही. तरी सगळा धागा वाचून एक गोष्ट कुणी विचारली नाही असं वाटतं.

ताई, नाकतोडे कुठून आणता? आणि तुमच्या वावरात शेवटची फवारणी कधी झाली?

पऱ्हाटी | मंगळवार, रात्री ९:५२

नाकतोडे आमच्याच पऱ्हाटीतून, म्हणजे कापसाच्या वावरातून. मुलगा शाळेतून आला की धुऱ्यावरून पकडून आणतो.

फवारणी बुधवारी. बोंडअळीसाठी.

डॉक्टरसाहेब, लिहिता लिहिता हात थांबला. मुलगा गुरुवारी म्हणाला होता, "आई, आता नाकतोडे लवकर सापडतात. पहिले उडून जायचे, आता बसूनच राहतात." मी म्हटलं, बरं झालं, तुझा वेळ वाचला.

गोठा | मंगळवार, रात्री १०:१५

तिथंच उत्तर आहे असं मला वाटतं. पाहिल्याशिवाय शंभर टक्के म्हणणार नाही, पण दिवस जुळतात.

फवारणीत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध असेल, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस वगैरे, तर ते कीटकाच्या अंगातलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं, कोलिनेस्टरेज. नसेकडून स्नायूला निरोप जातो तो पुसण्याचं काम हे विकर करतं. पुसणारा बंद झाला की निरोप वाजतच राहतो, स्नायू थरथरतात आणि शेवटी गळून जातात. जो नाकतोडा पूर्ण मेला तो खाली पडला. अर्धवट विष लागलेला बसून राहिला, तोच मुलाच्या हाती लागला. असे दिवसाला सात-आठ. सरड्यातही तेच विकर आहे, माणसातही आहे.

तपासायला एक करा. बोटावर घ्या. निरोगी असेल तर बोट सोडवून घ्यावं लागतं इतका घट्ट धरतो.

करायचं काय? वावरातला एकही किडा द्यायचा नाही. उलट, दोन-चार दिवस काहीच खाऊ घालू नका, तोंड उघडून तर मुळीच नाही. थेंबाचं पाणी चालू ठेवा, सकाळ-संध्याकाळ, पण पान धुऊन. सावली-ऊन दोन्ही मिळेल असं ठेवा, त्याला जिकडं जायचं तिकडं जाऊ द्या. विष उतरवायला ॲट्रोपीन असतं, पण ते घरी करायचं काम नाही. इतक्या छोट्या जिवाला मात्रा किती, हे मीसुद्धा विचारल्याशिवाय देणार नाही. उद्या सकाळी १९२६ लावा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथल्यांना वन्यप्राण्यांचा अनुभव आहे.

पऱ्हाटी | मंगळवार, रात्री १०:३०

डाला उचलून पाहिलं. बोटावर घेतला तर घसरला. मागचे पाय धरतच नाहीत.

एकवीस_बोंडं | मंगळवार, रात्री ११:४०

मी फार लिहीत नाही इथं. आज लिहितो.

२०१७ साली आपल्या यवतमाळात फवारणी करता करता माणसं मेली, ते सगळ्यांनी पेपरात वाचलं. माझा मोठा भाऊ त्यात होता. मेला नाही. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याएवढी झाली होती, फवारा वरून अंगावर परत यायचा. मजुरीवर दिवसाला वीस-वीस पंप मारायचा, तोंडाला दुपट्टा. तीन दिवसांनी घरी येऊन खाटेवर बसला आणि डोळे मिटून घेतले. आम्ही म्हटलं थकला. वहिनीनं चहा आणला तर कपाला धरता येईना, बोटं ढिली. आम्ही त्याला झोपू दिलं. संध्याकाळी तोंडातून लाळ आली तेव्हा गाडी पाहिली. दवाखान्यात आठ दिवस. पहिला दीड दिवस कुणी धड सांगत नव्हतं काय आहे.

ताईनं "डोळे मिटून बसून आहे" लिहिलं होतं ते मी सोमवारीच वाचलं होतं. तेव्हा डोक्यात आलं नाही, आता राहवत नाही.

मुलाचे हात धुता का? नाकतोडे हातानंच पकडतो ना तो.

पऱ्हाटी | मंगळवार, रात्री ११:५८

धुतले आत्ता. झोपेतून उठवून.

संत्राबर्फी | बुधवार, सकाळी ७:१०

एकवीस_बोंडं, भाऊ कसे आहेत आता?

एकवीस_बोंडं | बुधवार, सकाळी ७:४५

बरा आहे. फवारायला जात नाही. हातात पंप दिसला की उठून घरात जातो.

मिरची_भिवापुरी | बुधवार, सकाळी ८:००

एक प्रश्न. कोंबड्याही त्याच धुऱ्यावर चरतात ना? आणि अंडी?

गोठा | बुधवार, सकाळी ८:२०

फवारणीनंतर कोंबड्या वावरात सोडू नका, एवढं प्रत्येक गावात सांगतो. ऐकतं कोण? डब्यावर जो मुदतीचा दिवस लिहिलेला असतो तो लोक कापूस वेचण्यासाठीसुद्धा पाळत नाहीत.

पुणेरी_पाटी | बुधवार, सकाळी ९:४०

पऱ्हाटीताई, पहिल्या प्रतिसादात मी जरा जास्त बोललो. मनावर घेऊ नका. १९२६ लागला नाही तर मला सांगा, दुसरी व्यवस्था विचारून ठेवतो.

येमेनी_पाहुणा | बुधवार, सकाळी १०:३०

हा धागा वाचून काल रात्री मी माझ्या रातकिड्यांच्या डब्यातलं सगळं भाजीपाल्याचं खाणं फेकलं. कोथिंबीर बाजारातली, न धुता टाकत होतो. किड्याच्या पोटात जे जातं ते शेवटी त्याच्याच पोटात जातं, हे सगळ्यांना पाच वर्षं शिकवत आलोय आणि कोथिंबीर धुतली नाही कधी.

पऱ्हाटी | गुरुवार, रात्री ८:३५

फोन लागला. काल दुपारी एक वनरक्षक मोटारसायकलवर आले. आमचे हे आधी घरात लपले. ते भले माणूस निघाले, आवाज चढवला नाही की कागद काढला नाही. डोक्यावरची टोपी काढून झाडाखाली बसले आणि अर्धा तास त्याला पाहत राहिले. म्हणाले, आज गाडी नाही, उद्या सकाळी यवतमाळला जाणार आहे, तोवर पाणी तेवढं द्या. नाव काय ठेवलं विचारलं. मुलानं सांगितलं. ते इतके हसले की पोटाला धरून बसले. त्यांचं सातबाऱ्याचं काम दीड वर्षापासून अडकलेलं आहे म्हणे.

आज सकाळी पुठ्ठ्याच्या डब्यात भोकं पाडून, आत लिंबाची फांदी घालून नेला. मुलानं डब्यावर पेनानं लिहिलं, "वरची बाजू वर."

निद्रानाश | गुरुवार, रात्री ८:५०

तलाठ्याची बदली अखेर जिल्ह्याच्या ठिकाणी. वशिला कुणाचा?

सावजी_रस्सा | गुरुवार, रात्री ९:०५

लेकराले सांगजा, बरा होते तो. माया आज्या चुकला होता.

पऱ्हाटी | पुढचा गुरुवार, रात्री ९:२०

धागा वर आणतेय, बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून. दिवाळीची धामधूम चालू होती, लिहायला उशीर झाला.

तिथल्या डॉक्टरांनी फवारणीचंच निदान केलं. औषध काय दिलं ते मला नीट सांगता येणार नाही. चौथ्या दिवशी त्यानं डोळे उघडे ठेवले, पाचव्या दिवशी स्वतःहून एक झुरळ खाल्लं. काल वनरक्षकांचा फोन आला, सोडायला चाललो आहोत, मुलाला आणता का? आम्ही तिघंही गेलो. फवारणीची वावरं लागणार नाहीत इतकं आत, बोरी-बाभळीचं रान. डबा आडवा केला तर पाच मिनिटं आला नाही बाहेर. मग एक पाय काढला, तो हवेतच धरून डोलला, परत आत घेतला. मुलगा म्हणाला, "तलाठीच आहे." शेवटी बाभळीच्या फांदीला धरलं. मी मुद्दाम बोट पुढं केलं होतं, तर जाता जाता त्यानं तेही धरलं, आणि मला एकेक नख सोडवावं लागलं.

दोन मिनिटांनी फांदीकडं पाहिलं तर नव्हता. तिथंच होता म्हणे, वनरक्षकांना दिसत होता. आम्हाला नाही दिसला.

आमच्या ह्यांनी पुढची फवारणी अजून ठरवली नाही. अळी आहे, हेही खरं आहे. कोंबड्या बांधून ठेवल्या आहेत.

एकवीस_बोंडं | गुरुवार, रात्री ९:४१

मुलाला माझ्याकडून दिवाळीचा फराळ.

कुंपण | गुरुवार, रात्री ९:५०

घाटंजी तालुक्यात एक पद रिक्त. इच्छुकांनी दोन्ही डोळ्यांच्या दाखल्यासह अर्ज करावा.

हळद_कुंकू | शुक्रवार, सकाळी ६:१५

सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण सरडा सुस्त असेल तर कोमट दुधात चिमूटभर हळद घालून पाजा. आमच्या मांजराला गुण आला होता.